घरच्या दागिनेकामासाठी गॅस टॉर्च कोणता घ्यावा?

हातात मावणाऱ्या गॅस टॉर्चच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं: १३०० अंश सेल्सिअस. शुद्ध चांदी वितळते ९६२ अंशांना. चांदीचा डाख, म्हणजे सांधा जोडणारा मिश्रधातू, त्याच्या बराच आधी, प्रकारानुसार ६८० ते ७८० च्या दरम्यान पळतो. हिशेब सोपा वाटतो. ज्योत १३०० ची आणि काम ७५० चं, म्हणजे भरपूर झालं. त्या टॉर्चने अंगठी जोडली जाते, जोडवी होतात, कानातल्याची कडी बसते. मग एक दिवस माणूस साठ ग्रॅमचं कडं जोडायला घेतो. कितीही वेळ ज्योत धरली तरी डाख जागचा हलत नाही, सांध्याला लावलेला टाकणखार (बोरॅक्स) करपतो, चांदी काळी पडते आणि शेवटी टॉर्चमधला गॅसच संपतो.

खोक्यावरचा आकडा खोटा नसतो. पण तो ज्योतीबद्दल बोलतो, तुमच्या कड्याबद्दल काहीच सांगत नाही. टॉर्च निवडताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे. ज्योत किती तापलेली आहे आणि ती दर सेकंदाला किती उष्णता देते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

थोडं गणित करू. एक ग्रॅम चांदी एक अंशाने तापवायला सुमारे ०.२३५ जूल लागतात. साठ ग्रॅमचं कडं खोलीच्या तापमानापासून ७५० अंशांपर्यंत न्यायचं तर साधारण १० किलोजूल. एक ग्रॅम एलपीजी जळला की जवळपास ४६ किलोजूल उष्णता निघते. म्हणजे कागदावर पाव ग्रॅम गॅसमध्ये काम उरकायला हवं! प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट गॅस जातो, कारण ज्योतीतली बरीचशी उष्णता कड्याला न लागता बाजूने निघून जाते. जी लागते तीही टिकत नाही. कडं जितकं तापेल तितक्या जोरात ते उष्णता बाहेर टाकतं, खालची फरशी उष्णता ओढते, पंख्याचा वारा वेगळाच. तळाला भोक असलेली बादली नळाखाली ठेवली की पाणी एका पातळीपर्यंत चढतं आणि थांबतं, कारण जेवढं येतं तेवढंच गळतं. धार बारीक असेल तर पाणी कितीही उंचावरून पडो, पातळी वर सरकत नाही. छोट्या टॉर्चखालचं मोठं कडं असंच ५००-६०० अंशांवर अडकून राहतं.

म्हणून टॉर्च घ्यायला निघण्याआधी स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न: मी एका वेळी जास्तीत जास्त किती वजनाचा नग तापवणार आहे?

चांदीचा स्वभाव

उष्णता वाहून नेण्यात चांदी सगळ्या धातूंत पहिली. स्टेनलेस स्टीलच्या तुलनेत ती पंचवीस-तीस पट चांगली वाहक आहे. स्टीलच्या सळईचं एक टोक लाल होईपर्यंत दुसरं टोक हातात धरता येतं. चांदीच्या तारेचं तसं करून बघू नका. या गुणामुळे चांदीत नुसता सांधा तापवणं जमतच नाही. सांध्याला दिलेली उष्णता क्षणात सगळ्या नगभर पसरते. म्हणजे बारीक सांधा जोडायचा असला तरी तापवावा लागतो अख्खा नग.

दुसरी गोष्ट, वितळलेला डाख जिकडे जास्त तापलेलं असेल तिकडे धावतो. बारीक, टोकदार ज्योत थेट सांध्यावर रोखली की डाखाचा तुकडा एकटाच तापतो, वितळून त्याची गोळी होते आणि ती एका बाजूला जाऊन बसते. दोन्ही कडा अजून थंडच असतात. नवशिक्याला वाटतं डाख खराब निघाला. खरं तर ज्योत मऊ, रुंद आणि सतत फिरती हवी होती.

डाख लावताना टाकणखाराकडे नीट बघितलं तर टॉर्च पुरेसा आहे की नाही ते तोच सांगतो. पाटीवर पाण्यात उगाळलेला टाकणखार आधी दुधासारखा पांढरा दिसतो. ज्योत लागली की पाणी उडतं आणि तो फुगतो. याच वेळी डाखाचा तुकडा उचलला जाऊन जागेवरून सरकतो, तो चिमट्याने परत बसवावा लागतो. मग फुगलेला टाकणखार खाली बसतो, आणि ७४० अंशांच्या आसपास काचेसारखा पारदर्शक, ओला दिसायला लागतो. कडक डाख (जास्त तापमानाला वितळणारा) त्याच सुमाराला लखकन चमकून सांध्यात ओढला जातो. मऊ डाख थोडा आधीच. अंगठीएवढ्या नगाला फुगण्यापासून काचेपर्यंतचा हा प्रवास मिनिटभरात व्हावा. टाकणखार फुगून बसला आणि पुढे काही घडतच नाही, अशी वेळ वारंवार येत असेल तर उष्णता कमी पडतेय. हाताला दोष देऊ नका.

रेंगाळण्याचा तोटा फक्त वेळेचा नाही. आपण वापरतो ती ९२.५ टक्क्यांची चांदी. उरलेलं बहुतेक तांबं. जास्त वेळ तापत ठेवली की हे तांबं पृष्ठभागाखालीच ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि पॉलिश केल्यावर राखाडी-जांभळट डाग वर येतात. ते तुरटीच्या उकळत्या पाण्यातही जात नाहीत, घासूनच काढावे लागतात. लोकांना वाटतं छोटा टॉर्च सुरक्षित, मोठा धोक्याचा. दागिन्याच्या दृष्टीने बऱ्याचदा उलटं असतं. मोठ्या मऊ ज्योतीने झटपट उरकलेलं काम छोट्या ज्योतीखाली रखडलेल्या कामापेक्षा स्वच्छ निघतं.

अर्थात याला दुसरी बाजू आहे. ०.८ मिलिमीटर तारेच्या कड्या जोडून साखळी करायची असेल तर मोठी ज्योत लागताच कडीचा रवा होतो. ९२.५ ची चांदी ८०० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते आणि ८९० च्या आसपास पूर्ण वितळते. कडक डाख आणि चांदी यांच्यात फार अंतर नाही. कोल्हापूरजवळच्या हुपरीत पैंजणांच्या घुंगरांवर आणि बारीक कड्यांवर काम करणारे कारागीर ज्योत सुईएवढी करून घेतात, ती उगाच नाही.

आधी वीट

नवा टॉर्च घेण्याआधी तुम्ही नग कशावर ठेवून तापवता ते बघा. नग फरशीवर किंवा लोखंडी पत्र्यावर ठेवला असेल तर निम्मी लढाई तिथेच हरलात. पांढरी, हलकी, करवतीने कापली जाणारी भट्टीची इन्सुलेशन वीट मिळते. खाली एक, मागे एक, बाजूला एक अशी तीन विटांची खोबण केली की बाजूने निसटणारी उष्णता परत नगावर येते. सोनारांच्या बागेसरीत (शेगडीत) कोळसा असायचा तो याच कामाला. कोळशाचा ठोकळा आजही उत्तम. तो उष्णता परतवतो, वर स्वतः जळताना आसपासचा ऑक्सिजन खातो, त्यामुळे चांदी कमी काळवंडते. बांधकामाची लाल वीट नको, आत ओल असली तर तडकते. जुन्या कारखान्यांत दिसणारा ॲस्बेस्टॉसचा पत्रा कुणी फुकट दिला तरी घरी आणू नका.

पंखा बंद, डोक्यावरचा दिवा मंद. भर उजेडात चांदीचा मंद लाल रंग दिसत नाही, आणि तो दिसला नाही की पुढचा थांबा थेट वितळण्याचा.

विटांची खोबण आणि मंद दिवा एवढ्यावर पुष्कळांचा छोटा टॉर्च अचानक 'चालू लागतो'. मोठा टॉर्च घेण्याचा विचार त्यानंतर करावा.

टॉर्चचे प्रकार

सर्वांत सोपा तो लायटरच्या गॅसने भरायचा हातातला ब्युटेन टॉर्च. अंगठ्या, कानातले, पेंडंट, थोडक्यात दहा-पंधरा ग्रॅमपर्यंतचं काम हा विटांच्या खोबणीत निभावतो. नळी नाही, सिलिंडर नाही, काम झालं की कपाटात. शिकायला याहून चांगलं काही नाही. एक अडचण हिवाळ्यात कळते. ब्युटेन शून्याच्या जेमतेम खाली, उणे अर्ध्या अंशाला उकळतो. नाशिकला डिसेंबरच्या सकाळी पारा आठ-दहावर आला की आतला दाब पडतो, त्यात गॅस बाहेर पडताना टाकी स्वतःच आणखी गार होते, आणि ज्योत मलूल होते. याचाच थोरला भाऊ म्हणजे स्वयंपाकी लोक वापरतात तो डब्यावर बसवायचा टॉर्च. ज्योत मोठी, पण तो उलटा किंवा फार तिरका धरला तर द्रव गॅस नळात येऊन भडका उडतो. दागिनेकामात ज्योत खाली रोखावी लागते, म्हणून मला हा प्रकार कधीच आवडला नाही.

दुसरा प्रकार, सिलिंडरचा एलपीजी आणि आजूबाजूची हवा. टॉर्चच्या नळीला भोकं असतात, जोरात जाणारा गॅस त्यांतून हवा ओढून घेतो. ज्योत मोठी, मऊ आणि फुगीर. कडी, वाट्या, जाड पत्रा, शंभर-दीडशे ग्रॅम चांदी मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) वितळवणं, सगळं होतं. नोझल बदलून ज्योत लहानही करता येते, मात्र साखळीच्या कामाइतकी बारीक नाही. एक मोठा गोंधळ इथे होतो. हवा ओढायला गॅसला जोर लागतो, म्हणजे साधारण १ ते २ बार दाब. स्वयंपाकघरातला रेग्युलेटर देतो जेमतेम ३० मिलिबार, चाळीस-पन्नास पट कमी. त्यावर हा टॉर्च जोडला की पिवळी, काजळी धरणारी ज्योत मिळते आणि माणूस टॉर्च परत करायला निघतो. याला उच्च दाबाचा, कमी-जास्त करता येणारा, दाब दाखवणारा रेग्युलेटर आणि त्याच दाबाची नळी लागते.

तिसरा प्रकार आपल्याकडच्या सराफी पेढ्यांच्या मागच्या खोलीत हमखास दिसतो. एलपीजी कमी दाबाचाच, पण हवा वेगळ्या नळीने जोराने सोडलेली. पूर्वी दिव्याच्या ज्योतीवर फुंकणीने फुंकत, त्याचंच हे पुढचं रूप. हवा कुणी तोंडाने फुंकतो, कुणी पायाच्या भात्याने, कुणी छोट्या ब्लोअरने. गॅस आणि हवा दोन्ही हातात असल्याने ज्योत सुईपासून झाडूपर्यंत हवी तशी होते. मला विचाराल तर चांदीसाठी हा सर्वांत लवचिक आणि स्वस्त प्रकार आहे, आणि ऑनलाइन सल्ल्यांत याचं नावही क्वचित निघतं. मुंबईत झवेरी बाजारात किंवा कोल्हापूरच्या गुजरीत सोनारांची हत्यारं विकणाऱ्या दुकानात तोंडी सांगितलं तरी ते काय हवंय ते ओळखतात. वेळ लागतो तो सवयीला. तोंडाने फुंकत गालात हवा साठवून नाकाने श्वास घेणं पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही, म्हणून घरी पायाचा भाता घ्यावा.

चौथा, एलपीजी आणि ऑक्सिजन. हवेत ऑक्सिजन एक पंचमांश, बाकी बहुतेक नायट्रोजन, जो फुकट तापतो आणि उष्णता घेऊन जातो. तो काढून टाकला की ज्योत २८०० अंशांच्या घरात जाते, आणि मुख्य म्हणजे अगदी बारीक टोकातून खूप उष्णता देता येते. साखळी, रवाकाम (बारीक दाण्यांची नक्षी), खड्याजवळची दुरुस्ती, सोन्याचं काम यांना हे वरदान. पण चांदीच्या मोठ्या नगावर ही ज्योत तिखट पडते, एका जागी क्षणभर थांबली तरी भोक. एसी-फ्रीज दुरुस्तीवाल्याकडचा जाड ऑक्सिजन टॉर्च तर दागिन्याला मुळीच नको.

ऑक्सिजन आणायचा कुठून? सिलिंडरमध्ये तो सुमारे १५० बार दाबाने भरलेला असतो, सदनिकेत ही ब्याद नको असं माझं स्पष्ट मत. कोविडनंतर अनेक घरांत मिनिटाला पाच लिटर देणारे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर धूळ खात पडले आहेत. जगभर दागिने करणारे लोक जुने कॉन्सन्ट्रेटर टॉर्चला जोडतात आणि छोट्या-मध्यम टोकांना ते पुरतात. यंत्र खोलीतल्या हवेतून साधारण ९० टक्क्यांहून अधिक शुद्धतेचा ऑक्सिजन अर्ध्या बारच्या आसपासच्या दाबाने देतं, साठा काहीच करत नाही. वीज गेली की ऑक्सिजन बंद. मात्र हे यंत्र बनवणाऱ्याने या कामासाठी बनवलेलं नाही हे डोक्यात ठेवायचं. ते ज्योतीपासून लांब ठेवायचं, ओलावा देणारी पाण्याची बाटली काढून टाकायची, आणि जोडांना तेल किंवा ग्रीस कधीही लावायचं नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल आपणहून पेट घेऊ शकतं.

ॲसिटिलीनचा विचार घरासाठी करूच नका. काजळी फार आणि गॅसच अस्थिर. पाण्याचं विघटन करून हायड्रोजन-ऑक्सिजनची ज्योत देणारी यंत्रं बाजारात दिसतात. साखळी दुरुस्तीला ती उत्तम, पण ज्योत सुईसारखीच असते, कड्याच्या कामाची नाही.

घरगुती सिलिंडर, नळी आणि फ्लॅट

स्वयंपाकाचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर स्वयंपाकासाठीच आहे. दागिने विकत असाल तर तो टॉर्चला लावणं सरळ नियमभंग आहे, छंद म्हणून करत असाल तरी त्यावर उच्च दाबाचा रेग्युलेटर चढवणं शहाणपणाचं नाही. पाच किलोचा खुल्या विक्रीचा सिलिंडर, जो इंडियन ऑइल 'छोटू' नावाने विकते, ओळखपत्रावर मिळतो आणि घरच्या कामाला भरपूर पुरतो. मोठ्या सिलिंडरमधून छोट्या डब्यात गॅस भरून देणारे कोपऱ्याकोपऱ्यावर असतात. ते बेकायदा तर आहेच, शिवाय डबा किती भरला हे कळत नाही आणि गॅसला फुगायला जागा उरत नाही.

हवा किंवा ऑक्सिजन वेगळ्या नळीने येत असेल तर एक धोका नीट समजून घ्या. गॅस कमी दाबाचा, हवा किंवा ऑक्सिजन जास्त दाबाचा. टॉर्चचं टोक कचऱ्याने किंवा विटेला टेकून बंद झालं की जास्त दाबाची हवा बाहेर न जाता गॅसच्या नळीत उलटी शिरते. नळीतच पेटण्याजोगं मिश्रण तयार होतं. म्हणून दोन्ही नळ्यांवर उलटा प्रवाह रोखणारा वाल्व्ह आणि ज्योत अडवणारा फ्लॅशबॅक अरेस्टर हवेतच. दुकानदार 'कशाला, आमच्याकडे कुणी लावत नाही' म्हणेल. आपण लावायचे. पेटवताना आधी गॅस, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग गॅस.

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळला की छताकडे जात नाही, फरशीवर पसरतो, ओट्याखाली, पलंगाखाली साचतो. हवेत जेमतेम दोन टक्के झाला तरी पेटू शकतो. वरचा एक्झॉस्ट त्याला काढत नाही, आणि वास आल्यावर एक्झॉस्टचं बटण दाबणं तर उलट ठिणगीला आमंत्रण. त्यामुळे कामाची जागा बाल्कनीच्या दाराशी, जिथे हवा जमिनीलगत बाहेर जाते. सिलिंडर उभा, टेबलाखालच्या बंद कपाटात नाही. जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, सिलिंडर बदलला की दर वेळी. काम संपल्यावर रेग्युलेटर बंद करून नळीतला उरलेला गॅस जाळून टाकायचा. गळती आवरत नसेल तर १९०६ हा आपत्कालीन क्रमांक आहे.

अंगावर सुती कपडे, केस बांधलेले, ओढणी बाजूला. पेटवायला शेगडीचा ठिणगीवाला लायटर, ब्युटेनचा लायटर टॉर्चजवळ ठेवायचाही नाही. चांदीला साधा संरक्षक चष्मा पुरतो.

आणि एक गोष्ट जी कुठलाही टॉर्च सोडवू शकत नाही: डाखात कॅडमियम असेल तर ते ७६७ अंशांना उकळतं, म्हणजे तुमच्या कामाच्या तापमानातच धूर होऊन फुप्फुसात जातं. केडीएमचं, म्हणजे कॅडमियमच्या डाखाने जोडलेलं, सोनं याच कॅडमियममुळे मागे पडलं. डाख घेताना 'कॅडमियम नसलेला' असं सांगूनच घ्या.

मग काय घ्यावं?

नुकतीच सुरुवात असेल आणि अंगठ्या-कानातल्यांपुरतं काम असेल तर ब्युटेनचा हातटॉर्च आणि तीन विटा, बस्स. कडी, वाळे, पत्र्याची पेंडंट करू लागलात की पाच किलोचा सिलिंडर आणि पायाच्या भात्याचा टॉर्च. जागा आणि हवा भरपूर असेल, मुशीत चांदी वितळवून लगडी ओतायच्या असतील, तर उच्च दाबाचा मोठा टॉर्च. साखळ्यांची आणि दुरुस्तीची कामं रोज येत असतील तरच ऑक्सिजनचा खर्च वसूल होतो. सोन्याला वेगळं काही लागत नाही, ते चांदीइतकं उष्णता पळवत नसल्याने उलट छोट्या ज्योतीतही भागतं. प्लॅटिनम १७६८ अंशांना वितळतं, त्याला ऑक्सिजन आणि गडद काच दोन्ही लागतात, घरी सुरुवात करण्याचा तो धातू नाही.

नवा टॉर्च आला की पहिल्या दिवशी चांदी काढू नका. इलेक्ट्रिशियनकडून जाड तांब्याच्या तारेचा तुकडा आणा, त्याच्या कड्या करा आणि चांदीच्याच डाखाने जोडा. तांबंही उष्णता जवळपास चांदीसारखीच पळवतं आणि १०८५ अंशांपर्यंत टिकतं. लालबुंद झालं तरी हातातून जात नाही, आणि डाखाची चांदीरंगी रेघ तांबड्या धातूवर कुठून कुठे धावली ते स्पष्ट दिसतं.